टिरोलमधलं जेवण : क्नोडल, श्पेट्झले आणि बाबांची एकादशी

डोंगरवेडी | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही चार वर्षांपासून ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, इन्सब्रुकला आहोत. उंची ५७४ मीटर, म्हणजे जवळपास पुण्याइतकीच. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून सिंहगडाऐवजी नॉर्डकेटेची रांग दिसते आणि मे संपला तरी तिच्या डोक्यावर बर्फ असतो.

पहिलं वर्ष मी घरात फक्त आपलंच रांधलं. मसाले, डाळी, पोहे सगळं म्युनिकहून पोत्याने आणायचं आणि बाहेर गेलं की पिझ्झा. मग एका सप्टेंबरात डोंगरात अडकलो. धो धो पाऊस, बुटांत पाणी. एका लाकडी हुटेत (डोंगरातल्या खानावळीत) शिरलो तर तिथे तीनच पदार्थ शिल्लक होते. त्यातला मी कास्प्रेसक्नोडल घेतला. शिळा पाव, उकडलेला बटाटा आणि उग्र वासाचं चीज एकत्र मळून, हाताने चपटा करून तव्यावर भाजलेला गोळा. कडा थालीपिठासारख्या कुरकुरीत, मध्ये काटा घातला की चीजची तार. इथे तो गोमांसाच्या सूपात सोडून देतात, पण आम्हाला ते चालत नाही म्हटल्यावर बाईंनी कोबीच्या कोशिंबिरीवर ठेवून दिला. त्या दिवसापासून मी बिघडले. आता घरी महिन्यातून दोनदा तरी श्पेट्झले (मैद्याच्या आखूड मऊ शेवया) होतात.

आता अडचण. जुलैत आई-बाबा साताऱ्याहून तीन आठवडे येतायत. बाबा शाकाहारी. अंड्याबाबत धोरण असं : केकमधलं चालतं, ताटातलं नाही. आषाढी इथेच येणार, आणि त्या दिवसापासून चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद. नवरा म्हणतो, वरणभाताचा कुकर लाव आणि विषय संपव. मला मात्र त्यांना इथलं काहीतरी खाऊ घालायचंय. काय घालू?

आणि एक प्रश्न खरं खरं उत्तर द्यायचा : इथल्या मराठी गटगमध्ये, म्हणजे गेट-टुगेदरला, सगळे या जेवणाला बेचव म्हणतात. मला खरंच आवडतंय की नुसती सवय झालीय?

---

तिखटजाळ | १२ जून, रात्री १०:०५

सवय झालीय. दोन वर्षं व्हिएन्नात काढलीत मी. मैदा, बटाटा, चीज, आणि बदल म्हणून पुन्हा बटाटा. ऑफिसच्या बॅगेत लसणीच्या चटणीची बाटली असायची. शेजारी बसणारा माणूस दुसरीकडे बसायला लागला तरी बाटली सोडली नाही.

---

नुसताच_वाचक | १२ जून, रात्री १०:१२

फोटो?

---

खवचट_खवय्या | १२ जून, रात्री १०:३१

नुसत्या उंचीवर पुणं होत नाही. दुपारी १ ते ४ दुकानं बंद असतात का?

---

डोंगरवेडी | १२ जून, रात्री १०:३८

@खवचट : गावाकडे बरीच दुकानं दुपारची बंद असतात. रविवारी तर सगळंच. शनिवारी संध्याकाळी दूध आणायला विसरलात तर सोमवारपर्यंत कोरा चहा.

---

खवचट_खवय्या | १२ जून, रात्री १०:४०

मग पुणंच आहे. धागा पुढे चालू द्या.

---

ग्राझकर | १३ जून, सकाळी ७:१५

तिखटजाळराव, व्हिएन्ना आणि टिरोल एका ताटात वाढू नका. व्हिएन्नाचं जेवण राजधानीचं. बोहेमिया, हंगेरी, इटली, सगळीकडचे स्वयंपाकी तिथे जमले, त्यातून श्नित्सेल (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा काप), गुलाश, केक वगैरे झालं. डोंगरातलं जेवण गरिबाचं आहे. बर्फात सहा महिने काढायचे, दूध आहे पण ते विकायचंय, धान्य फारसं पिकत नाही. मग जे उरेल ते वाया घालवायचं नाही.

क्नोडल म्हणजे काय हो? शिळा पाव. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, फोडणी देतो, वर दाणे-कोथिंबीर. त्यांनी शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवले, अंडं घातलं, असलं तर डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, म्हणजे श्पेकचे, चार कण घातले आणि गोळे करून उकडले. ग्र्योस्टल तेच : काल उकडलेले बटाटे आज लोखंडी कढईत कांद्यावर परतायचे. आदल्या दिवशीचं मांस उरलं असेल तर तेही त्यात. फोडणीच्या पोळीला कुणी बेचव म्हणेल का?

आणि जुनं किती? दक्षिण टिरोलमध्ये (पहिल्या महायुद्धानंतर तो भाग इटलीकडे गेला) होखएपान नावाचा किल्ला आहे. त्याच्या छोट्याशा प्रार्थनाघरात साधारण १२००च्या सुमाराचं भित्तिचित्र आहे. प्रसंग येशूच्या जन्माचा, आणि कोपऱ्यात एक बाई चुलीपाशी बसून निवांत क्नोडल खातेय. बाळ-बाळंतीण राहिले बाजूला, लोक तिलाच बघायला जातात.

बाबांसाठी माझी सूचना ग्राउकेजे. लोणी काढून विकलं की उरायचं ते स्निग्धांश नसलेलं दूध. ते आपोआप आंबू द्यायचं, त्याचं हे चीज. विरजणासारखं आंबवलेलं असल्यामुळे वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट यात लागत नाही. इतर बऱ्याच डोंगरी चीजमध्ये ते असतं, आणि कट्टर शाकाहारी माणसाला हे आधी सांगितलेलं बरं. वासाची जबाबदारी माझी नाही.

---

मुंगीची_साखर | १३ जून, सकाळी ११:२०

ग्राझकर, फोडणीच्या पोळीची उपमा झकास. पण डोंगरवेडी, तू आधी सापळ्यांची यादी घे. मी साल्झबुर्गमध्ये नऊ वर्षं शाकाहारी आहे, प्रत्येक सापळ्यात एकदा तरी पडलेय.

सूप म्हणजे गोमांसाचंच पाणी असं धरून चाल. मेनूवर नुसतं रव्याच्या गोळ्यांचं सूप किंवा धिरड्याच्या पट्ट्यांचं सूप लिहिलेलं असेल तरी. गरम कोबीत श्पेक असतो, गार कोबीत बऱ्याचदा असतो. 'मांस नाही ना?' असं विचारलं तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण श्पेक हे त्यांच्या लेखी मांस नसून मीठ-मोहरी आहे. 'श्पेक नाही ना?' असं वेगळं विचारायचं.

दुसरं जिरं. दुकानात 'क्युमेल' लिहिलेलं दिसतं, दिसायलाही जिऱ्यासारखंच. ते जिरं नाही! आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. मी पहिल्या आठवड्यात क्युमेलची फोडणी देऊन आमटी केली होती. घरभर बेकरीचा वास.

आणि मानाचा सापळा : तूप. 'बुटरश्माल्त्स' म्हणजे आपलं कढवलेलं तूप, अगदी छान मिळतं. पण नुसतं 'श्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी. दोन्ही पांढरट-पिवळी, दोन्ही एकाच फळीवर, आणि मला तेव्हा जर्मन येत नव्हतं. मी त्यात शिरा केला.

---

तिखटजाळ | १३ जून, सकाळी ११:२४

😱 मग?

---

मुंगीची_साखर | १३ जून, दुपारी १२:०२

मग काय, वास वेगळा आला म्हणून डब्यावरचे शब्द एकेक करून शोधले. अख्खी कढई शिरा. टाकवेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींना नेऊन दिला, काय घातलंय ते सांगूनच. दुसऱ्या दिवशी भांडं घासून परत आलं. वर निरोप, की तुमच्याकडेही ग्रीसश्मारन करतात हे माहीत नव्हतं, पण मनुका कमी पडल्या. (ग्रीस म्हणजे रवा. त्यांच्याकडे रवा दुधात शिजवून, लोण्यात परतून, मोकळा करून करतात. चुलत शिराच.)

---

आजोळ_कोकणात | १३ जून, दुपारी ३:५०

मी केर्न्टनमध्ये, फिलाखला असते. इथल्या 'कासनूडल्न'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? नाव नूडल असलं तरी शेवयांशी संबंध नाही. मैद्याची पारी, आत टॉपफेन (इथलं ताजं मऊ चीज), कुस्करलेला बटाटा आणि भरपूर पुदिना. होय, पुदिना! यासाठीची पुदिन्याची वेगळी जात लावतात परसात. उकळत्या पाण्यात शिजवून वर लालसर होईपर्यंत कढवलेलं लोणी. मांस नाही, चातुर्मासात चालेल. पारीत अंडं घालतात बरेच जण, पण ते दिसत नाही, म्हणजे बाबांच्या धोरणात बसतं.

आणि खरी गंमत कडेला आहे. ती कड बंद करतात ती चक्क करंजीची मुरड! अंगठ्याने दाबायचं, दुमडायचं, पुढे सरकायचं. त्याला 'क्रेंडल्न' म्हणतात, आणि इथली म्हण आहे की जिला क्रेंडल्न येत नाही तिला नवरा मिळत नाही. शेजारच्या बाई मला शिकवायला बसल्या, 'हळूहळू जमेल' म्हणाल्या. मी गणपतीला दीडशे करंज्या करणाऱ्या घरातली. चार नूडल झाल्यावर त्यांनी चष्मा लावला. दहाव्याला त्यांनी त्यांच्या सूनबाईंना हाक मारली आणि मला दाखवून काहीतरी बोलल्या. सूनबाई त्यानंतर माझ्याशी जरा तुटकच वागतात.

---

खवचट_खवय्या | १३ जून, दुपारी ४:०१

सासूबाईंना व्हिसा लागत नाही.

---

बेळगावी_कुंदा | १३ जून, रात्री ८:३०

आमच्या मांड्यांची आठवण झाली. श्ट्रूडलची (सफरचंद भरलेल्या गुंडाळीची) कणीक ओढून ओढून इतकी पातळ करतात की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. आमच्याकडे पुरण भरलेला मांडा हातावर झेलत पसरवतात आणि पालथ्या मडक्यावर टाकतात. तत्त्व तेच. पण सफरचंद आणि पुरण यात आमचा कौल पुरणाला. कृपया हलके घ्या.

---

ग्राझकर | १३ जून, रात्री ९:१०

तत्त्व तेच नाही हो. मांडा सारण भरून मग पसरवतात, श्ट्रूडल आधी पसरवून मग गुंडाळतात. त्याचं नातं तुर्कांच्या बकलाव्याशी लावतात.

---

बेळगावी_कुंदा | १३ जून, रात्री ९:१४

म्हणजे मांडा जास्त अवघड. आभारी आहे.

---

काकडीची_कोशिंबीर | १४ जून, सकाळी ९:००

वरती टॉपफेनचा उल्लेख आला आणि श्रीखंडाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही याचा निषेध. टॉपफेन म्हणजे आयता चक्का! रात्रभर फडक्यात टांगायची कटकट नाही. साखर, वेलदोडा, केशर, तासाभरात श्रीखंड. इथल्या पाव किलोच्या पाकिटावर स्निग्धांश लिहिलेला असतो. मागरटॉपफेन, म्हणजे बिनचरबीचा, घेऊ नका, रवाळ आणि खडूसारखा लागतो. २० टक्केवाला बरा, ४० टक्केवाला सणासुदीला.

---

मुंगीची_साखर | १४ जून, सकाळी ९:४०

अनुमोदन, पण पुरणयंत्रातून काढल्याशिवाय नाही. ऑस्ट्रियातला टॉपफेन जर्मनीतल्या क्वार्कपेक्षा कोरडा आणि दाणेदार असतो.

---

तिखटजाळ | १४ जून, सकाळी १०:१५

म्हणजे एकूण काय, ऑस्ट्रियन पदार्थ तेव्हाच चांगला जेव्हा त्याचं श्रीखंड होतं. माझा मुद्दा सिद्ध.

---

हुटेतला_पोऱ्या | १४ जून, रात्री ११:५५

पहिल्यांदाच लिहितोय. विद्यार्थी आहे, गेले दोन उन्हाळे एट्झटालमध्ये २००० मीटरवरच्या एका हुटेच्या स्वयंपाकघरात काम केलं. (इथे रीत अशी की हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मालकाला 'अरे' म्हणायला मला महिना लागला.)

काइझरश्मारन, म्हणजे फाडलेलं गोड जाड धिरडं, दिवसाला ऐंशी-नव्वद व्हायचे. अंड्याचं पांढरं वेगळं फेटायचं, पिवळं दूध-मैद्यात, मग अलगद एकत्र. लोखंडी तव्यात भरपूर लोणी, पिठात रममध्ये भिजवलेले बेदाणे, खालून लाल झालं की उलटायचं, आणि मग दोन काट्यांनी फाडायचं. सुरीने कापलं की मालक ओरडायचा. फाटलेल्या कडांना साखर लागून त्या खरपूस होतात, कापलेल्या होत नाहीत. वर पिठीसाखर, बाजूला आंबट आलुबुखाराचा शिजवलेला लगदा. तो आंबटपणा नसेल तर निम्म्यातच कंटाळा येतो. 'श्मारन'चा अर्थ फालतू बडबड असाही होतो, त्यामुळे हा बादशहाचा फालतूपणा. फ्रान्झ योसेफ बादशहाच्या नावावर दोन-तीन दंतकथा खपवतात, प्रत्येक हुटेत वेगळी.

एकदा मी तिथे सगळ्यांसाठी तूरडाळ लावली, साध्या पातेल्यात. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं. दोन तासांनी डाळ तशीच टणक. मालक येऊन बघून गेला आणि म्हणाला, 'अरे, म्हणूनच आम्ही पाव शिळा करतो.'

तिखटजाळकाका, दिवसभर बाराशे मीटर चढून आल्यावर ग्र्योस्टल खा आणि मग बोला. ते जेवण टेबलावर बसून काम करणाऱ्यांचं नाहीच.

---

तिखटजाळ | १५ जून, सकाळी ८:०५

काका?! मी चाळिशीतला आहे.

बाकी पोस्ट आवडली. फाडण्याचा मुद्दा पटला. आणि कबूल करतो, श्नित्सेलबरोबर ते आंबटगोड लाल बेरीचं जॅम द्यायचे, ते मी चाटूनपुसून खायचो.

---

ग्राझकर | १५ जून, सकाळी ८:३०

तुम्ही खाल्लंत ते वासराचं की डुकराचं, ते पाटीवर बघितलं होतंत का? नुसतं 'वीनर श्नित्सेल' लिहिलं तर ते वासराचंच हवं असा नियम आहे. डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं.

---

तिखटजाळ | १५ जून, सकाळी ८:३३

आत्ता का सांगताय? 😐

---

उपासाची_मिसळ | १५ जून, दुपारी १:१०

मूळ प्रश्न आषाढीचा होता, सगळे श्रीखंडात बुडालेत. एकादशीला टिरोलइतकी सोयीची जागा नाही. बटाटा हवा तितका. राजगिरा नैसर्गिक खाद्यपदार्थांच्या दुकानात 'अमारांथ' नावाने मिळतो. साबुदाणा आशियाई दुकानात, पण पाकीट नीट बघा, शिजवल्यावर लगदा होणारा बारीक नको. आणि आल्मवर, म्हणजे उन्हाळ्यात गुरं चरायला नेतात त्या कुरणावरच्या घरात, बुटरमिल्ख मिळतं. ताकच ते! लोणी काढून उरलेलं, गार, पेल्यात भरून देतात.

---

खवचट_खवय्या | १५ जून, दुपारी १:२५

बटाटा इथेही दक्षिण अमेरिकेतून आला आणि टिरोललाही. इथे येऊन त्याने उपास धरला, तिथे जाऊन श्पेकच्या संगतीला लागला. संगतीचा परिणाम.

---

नुसताच_वाचक | १५ जून, दुपारी १:३०

कुणीच फोटो टाकत नाहीये.

---

डोंगरवेडी | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. आई-बाबा परवा गेले. घर ओकंओकं झालंय, म्हणून लिहायला बसले.

चीज श्पेट्झले पहिल्याच आठवड्यात. वर तळलेल्या कांद्याचा ढीग असतो, म्हणून 'कांद्याशिवाय' सांगितलं. वाढणाऱ्या मुलाने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आला, की असं करता येतं का. पदार्थ आला तेव्हा स्वयंपाकीही दारातून डोकावून बघत होता. बाबांनी निम्मं खाल्लं आणि म्हणाले, 'शेवयांना चीज लावलंय. वाईट नाही. पण कशाची तरी वाट बघतंय.' कांद्याचीच. खमंग कांदा नसेल तर तो पदार्थ अर्धवट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गेर्मक्नोडल : वाफवलेला मोठा गोळा, आत आलुबुखाराचं घट्ट सारण, वर लोणी, साखर आणि काळीभोर खसखस. बाबा : 'हा मोदक कोळशात कुणी लोळवला?' मग आख्खा संपवला. 'केकच्या वर्गात बसतो' असा निकालही दिला. जुलैअखेर वाखाऊचे जर्दाळू आले होते, त्यांचे क्नोडल मी घरी केले. आठळी काढून तिथे साखरेचा खडा ठेवायचा, टॉपफेनच्या पिठात गुंडाळून उकडायचं आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं. आईने त्या चुऱ्यात वेलदोडा घातला. आता तोही राहणार.

ग्राउकेजे : ग्राझकर, तुमचं नाव घेऊन बाबांसमोर ठेवलं. ते उठून गॅलरीत गेले.

कासनूडल्न आईने माझ्या ओट्यावर केले, आजोळच्या वर्णनावरून. मी मुरडलेले तिने उलगडले आणि पुन्हा मुरडले. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झालीत, तरी तिने म्हण ऐकल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं!

आषाढीला साबुदाणा घेतला नाही. श्टुबाइ खोऱ्यातल्या एका आल्मवर गेलो, तासाभराची सोपी चढण. बाबांनी मीठ लावून उकडलेले बटाटे लोण्याबरोबर खाल्ले आणि बुटरमिल्ख मागवलं. एक घोट घेऊन मला म्हणाले, 'जिरं आहे का विचार.' मी सांगत होते की नसतं हो बाबा, तोवर त्यांनीच खुणा करून त्या शेतकऱ्याला विचारलं. तो आत गेला आणि एका बशीत मीठ आणि क्युमेल घेऊन आला. मुंगीची_साखर, मला तुझीच आठवण झाली. बाबांनी दोन्ही घातलं, बोटाने ढवळलं.

आणि बॅग भरताना बघितलं तर आईच्या सामानात क्नोडलसाठी सुपरमार्केटात मिळणाऱ्या पावाच्या वाळक्या तुकड्यांची चार पाकिटं. बाबा म्हणाले, शिळा पाव विकत घेऊन विमानाने साताऱ्याला नेणारी ही पहिलीच बाई.

---

ग्राझकर | ९ ऑगस्ट, रात्री १०:४५

ग्राउकेजे नुसतं नाही द्यायचं हो! तेल, व्हिनेगर आणि बारीक कापलेला कांदा घालून... बरोबर, चातुर्मास. मागे घेतो.

---

तिखटजाळ | ९ ऑगस्ट, रात्री १०:५२

'कशाची तरी वाट बघतंय' हे वाक्य मी ढापतोय. माझ्या दोन वर्षांचा अहवाल एवढाच होता.

---

आजोळ_कोकणात | १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

उलगडून पुन्हा मुरडले 😂 आईंना नमस्कार सांग. पुढच्या वेळी फिलाखला घेऊन ये, शेजारच्या बाईंशी गाठ घालून देते. सूनबाई सुटतील.

---

मुंगीची_साखर | १० ऑगस्ट, सकाळी ८:१०

बाकी सगळं राहू दे. क्युमेल घातलेलं ताक लागलं कसं?

---

डोंगरवेडी | १० ऑगस्ट, सकाळी ८:२२

मला नाही आवडलं. बाबांनी दोन पेले घेतले. तिसरा मागवत होते, पण खाली उतरून शेवटची बस गाठायची होती.